स्टोरीबोर्ड सोडून एपिसोड डायरेक्टर व्हावं का? आणि त्यातून पुढे प्रोड्यूसर होतात ते कसे?

अर्धी_फ्रेम:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

टीव्ही ॲनिमेशनमध्ये मला आता सात वर्षं झाली. सुरुवात क्लीनअपपासून (कच्च्या चित्रांच्या रेषा स्वच्छ करणं), मग इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), मग दोन वर्षं बोर्ड रिव्हिजन (म्हणजे दुसऱ्याच्या स्टोरीबोर्डवर, स्क्रिप्टच्या शॉटवार चित्रांवर, डायरेक्टरने मारलेल्या फुल्या आपण निस्तरायच्या) आणि गेली तीन वर्षं स्वतःचे स्टोरीबोर्ड. सध्या लहान मुलांच्या एका सिरीजवर आहे, अकरा-अकरा मिनिटांचे एपिसोड. काम आवडतं. स्क्रिप्टमध्ये नसलेली एखादी गंमत मी बोर्डमध्ये घुसडते आणि ती शेवटपर्यंत टिकून टीव्हीवर दिसते तेव्हा जे वाटतं ते सांगता येणार नाही.

तर झालंय असं की आमचे एक एपिसोड डायरेक्टर मध्येच दुसऱ्या सिरीजवर गेले आणि प्रोड्यूसर मॅडमनी बोलावून विचारलं, पुढचे चार एपिसोड तू डायरेक्ट करशील का? मी 'हो, बघते' असं काहीतरी पुटपुटून बाहेर आले आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे.

खरं सांगायचं तर डायरेक्टर दिवसभर करतात काय हे मला सात वर्षांत नीट कळलेलं नाही. बघावं तेव्हा मीटिंगमध्ये, नाहीतर हेडफोन लावून तेच तीस सेकंद पुन्हा पुन्हा बघत बसलेले. गोष्ट लेखकाने लिहिली, आवाज कलाकारांचे, चित्रं बोर्डवाल्यांची, हालचाल ॲनिमेटरची, मग हा माणूस नक्की कशाचा डायरेक्टर? आणि दुसरं म्हणजे माझं चित्र काढणं सुटेल ही भीती. एक मित्र म्हणतो डायरेक्टर झालीस की पुढची पायरी प्रोड्यूसर, आणि प्रोड्यूसर म्हणजे उरलेलं आयुष्य एक्सेल शीट. त्यासाठी का शिकलो आपण चित्रकला?

या वाटेने गेलेलं कोणी असेल तर सांगा ना प्लीज. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.


जुनी_पेन्सिल:

अगं पहिल्यांदा अभिनंदन! कोणी उगाच विचारत नाही, त्यांना तुझ्या बोर्डमध्ये काहीतरी दिसलं असणार.

डायरेक्टर करतो काय याचं पुस्तकी उत्तर देत नाही, माझ्या पहिल्या एपिसोडची फजिती सांगतो. स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, 'दोघं भांडत भांडत जिना उतरतात.' बस, एवढीच. मी बोर्ड आर्टिस्टला म्हणालो कर मस्त, त्याने केलं पण मस्त, गोल जिना, कॅमेरा वरून, दोघांच्या हातात मिळून एक मोठं खोकं, खिडकीबाहेर पाऊस. मी एवढा खूश की जागेवर मंजूर करून टाकलं. चौदा सेकंदांचा शॉट. आता विचार कर, जिना गोल असल्यामुळे प्रत्येक पायरीला अँगल वेगळा, म्हणजे चालण्याची सायकल एकदा बनवून फिरवता येत नाही, प्रत्येक पाऊल नवीन काढायचं, वर दोघं सतत बोलतायत म्हणजे दोघांचं लिपसिंक, हातात खोकं म्हणजे खांदे लॉक, आणि वरून पाऊस. पहिला टेक आला तेव्हा पाय पायऱ्यांवर टेकतच नव्हते, दोघं भुतासारखे तरंगत उतरत होते, मध्येच कट बदलला की खोक्याची बाजू बदलायची. रिटेक पाठवला. दुसऱ्या टेकमध्ये खोकं सुधारलं, पाय तसेच. तिसऱ्यात पाय बरे झाले तर चेहरे मॉडेलवरून (पात्राच्या ठरलेल्या रूपावरून) घसरले. तोवर डिलिव्हरी डोक्यावर आली, मग एडिटमध्ये बसून मी शॉट कंबरेपर्यंत कापला, मागे भिंतीवर कठड्याच्या सावल्या सरकवल्या आणि खाली पावलांचे आवाज टाकले. झालं काम. भांडण तितकंच मजेदार वाटत होतं, पाय कोणाला आठवले पण नाहीत.

आमच्या सुपरवायझिंग डायरेक्टरांनी तो बघितला आणि एवढंच म्हणाले, "हे बोर्डवर असताना का नाही सुचलं?" मला वाटतं तुझ्या 'कशाचा डायरेक्टर' या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. स्क्रिप्टची प्रत्येक ओळ वाचताना ही किती चित्रं खाणार, आणि त्या बदल्यात गोष्टीला काय देणार, हे ज्याला आधी दिसतं तो डायरेक्टर. सगळीकडे कंजूषपणा करायचा असं नाही हां. एपिसोडमध्ये एक किंवा दोन जागा अशा असतात की तिथे उधळायचंच, पण त्यासाठी बाकीच्या दहा मिनिटांत वाचवून ठेवावं लागतं.

टीव्ही ॲनिमेशनचा जन्मच या हिशोबातून झालाय. हॅना आणि बार्बेरा ही जोडी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओत टॉम अँड जेरी करायची, सात ऑस्कर मिळालेले, आणि १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभागच बंद केला. दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले. मग टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला, पण टीव्हीकडे सिनेमाच्या मानाने अगदी चिल्लर पैसे. तेव्हा त्यांनी काय केलं, योगी बेअरला गळ्यात कॉलर घातली! कॉलरमुळे डोकं आणि धड वेगळं करता येतं, बोलताना धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं हलवायचं, सांधा कॉलरखाली लपतो. लहानपणी मला वाटायचं अस्वल ऐटीत राहतं म्हणून टाय घालतं. ते सगळं बजेट होतं.


रात्रपाळी:

ते भुतासारखे तरंगत उतरणारे वाचून ऑफिसात जोरात हसलो. प्रत्येकाच्या आयुष्यात एक गोल जिना असतो.


एक्सशीटवाली:

जुनी_पेन्सिल दादांशी सहमत, पण ते बोर्डवाले असल्यामुळे टायमिंगबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, सगळे बोर्डवाले असंच करतात :)

मी बारा वर्षं शीट टायमिंग (कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं ते शीटवर लिहिणं) केलं आणि मग डायरेक्शनला आले. बघ, सेकंदाला चोवीस फ्रेम. अकरा मिनिटं म्हणजे १५,८४० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, ज्याला आपण 'टूज'वर म्हणतो, तर ७,९२० चित्रं. तीन फ्रेम धरलं तर ५,२८०. जपानमध्ये १९६३ साली कॉमिक्सवाल्या तेझुकांचा ॲस्ट्रो बॉय टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा सुरू झाला तेव्हा त्यांनी हेच केलं, थ्रीजवर काम, काढलेली चित्रं जपून ठेवून परत वापरायची, आणि बोलताना बाकी सगळं स्थिर. तिथली शैली म्हणून आज जे आपण कौतुकाने बघतो त्यातलं बरंचसं असं वेळेच्या मारामारीतून आलंय.

पण मुद्दा कमी चित्रांचा नाही, कुठे थांबायचं याचा आहे. एक उदाहरण देते. माझ्याकडे एक सीन होता, मुलगा दार उघडतो, आत कुत्र्याने सगळं घर उसकटलेलं, मुलगा किंचाळतो. बोर्डवर तीन पॅनल, एकदम साफ. ॲनिमॅटिक (बोर्डची चित्रं आवाजाबरोबर जोडलेली कच्ची फिल्म) बघितलं तर हसूच येईना. कारण दार उघडल्या उघडल्या तो किंचाळत होता. मी काय केलं, दार उघडल्यावर बावीस फ्रेम काहीच नाही. फक्त बारा फ्रेमनंतर एक पापणी लवते. मग किंचाळी. त्या पापणीखेरीज एकही नवीन चित्र न काढता सीन दुप्पट विनोदी झाला. तू म्हणतेस ना, डायरेक्टर हेडफोन लावून तेच तीस सेकंद बघत बसतात, ते हेच बघत असतात, सहा फ्रेम काढू की सहा घालू.

आता दुसरी गोष्ट जी तुला कोणी सांगणार नाही. रिटेक दोन जातीचे असतात. ॲनिमेशन स्टुडिओची चूक, रंग चुकला, हात गायब, हुकअप (दोन शॉटमधला जोड) तुटला, तो ते फुकट दुरुस्त करून देतात. पण त्यांनी आपल्या शीटबरहुकूम केलं आणि आपल्यालाच नंतर वाटलं की अरे इथे ती हसायला हवी होती, तर तो क्रिएटिव्ह रिटेक, त्याचे पैसे लागतात आणि सीझनभराचा त्याचा साठा मोजका असतो. नवीन डायरेक्टर पहिल्या एपिसोडमध्येच तो सगळा संपवतात. मीही संपवला होता.

आणि पार वाट लागलीच तर सिम्प्सन्सची गोष्ट आठव. पहिला म्हणून जो एपिसोड आधी तयार केला होता, त्याचं ॲनिमेशन परत आलं ते इतकं वाईट की जवळजवळ सत्तर टक्के पुन्हा करावं लागलं. सिरीजची सुरुवातच लांबली, ख्रिसमसचा एपिसोड पुढे काढून डिसेंबर १९८९ मध्ये तो पहिला दाखवला, आणि मूळचा पहिला थेट मे १९९० मध्ये सीझनच्या शेवटी लागला. पुढे किती वर्षं चालली ती सिरीज ते सगळ्यांना माहीतच आहे.


अर्धी_फ्रेम:

बाप रे, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप आभार दोघांचे. बावीस फ्रेमचं वाचून मी उठून माझं जुनं एक ॲनिमॅटिक उघडून बसले, आणि खरंच, माझी सगळी पात्रं प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात. तीन वर्षं हे कोणी सांगितलं नाही, म्हणजे आमचे डायरेक्टर गुपचूप दुरुस्त करत असणार.

पण मग प्रोड्यूसरचं काय? आमच्याकडे चार जणांना प्रोड्यूसर म्हणतात आणि चौघंही वेगवेगळं काम करतात. एक तर कधी दिसतच नाही.


डेडलाइनची_मावशी:

हा माझा प्रांत. मी लाइन प्रोड्यूसर आहे, म्हणजे तुझ्या मित्राच्या भाषेत एक्सेलवाली.

जो कधी दिसत नाही तो बहुतेक एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणजे पैसा किंवा हक्क किंवा चॅनेलशी बोलणी त्याच्याकडे. पण लगेच गाठ मारून ठेवू नकोस, कारण कित्येक सिरीजमध्ये ज्याने सिरीज निर्माण केली, जो रोज लेखकांबरोबर आणि बोर्डवाल्यांबरोबर बसतो, त्यालाही तेच पद असतं. पदावरून काम कळत नाही, हे या धंद्यातलं पहिलं गौडबंगाल. मग क्रिएटिव्ह प्रोड्यूसर, तो चित्रातून आलेला असतो आणि सगळे एपिसोड एकाच सिरीजचे वाटतायत ना ते बघतो. आणि मग मी, वेळ आणि माणसं आणि पैसे. तू ज्या वाटेवर आहेस ती एपिसोड डायरेक्टर, मग सुपरवायझिंग डायरेक्टर, मग क्रिएटिव्ह प्रोड्यूसर अशी जाते. माझी वाट वेगळी, मी प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून फायली वाहण्यापासून सुरुवात केली. तुला माझ्या खुर्चीत कोणी बसवणार नाही, घाबरू नकोस.

पण माझा एक्सेल काय सांगतो ते डायरेक्टरला कळलं पाहिजे. एक एपिसोड स्क्रिप्टपासून डिलिव्हरीपर्यंत नऊ महिने ते वर्ष घेतो. टीव्हीवर मात्र तो दर आठवड्याला हवा. म्हणजे एकाच दिवशी एक एपिसोड लिहिला जातोय, दुसऱ्याचे आवाज रेकॉर्ड होतायत, तिसरा बोर्डवर, चौथ्याचं ॲनिमॅटिक, पाचवा बाहेर ॲनिमेशनला गेलाय, सहाव्याचे रिटेक आणि सातवा मिक्सला (आवाज-संगीत जुळवायला). तुला चार एपिसोड दिलेत ना, ते एकामागून एक येणार नाहीत, गळ्यात गळे घालून येतील. सकाळी तू एका एपिसोडमधल्या पात्राला रडवत असशील आणि दुपारी दुसऱ्यात त्याच पात्राची टोपी हिरवी की निळी यावर वाद घालत असशील. म्हणून तुझं ॲनिमॅटिक तीन दिवस उशिरा लॉक झालं तर ते तीन दिवस नसतात. मागे रांगेत टायमिंगवाले बसलेत, डिझाइनवाले बसलेत, आणि तिकडच्या स्टुडिओने आपल्यासाठी राखलेली टीम दुसऱ्या कामाला लावली की आपली तारीख गेली.

आमच्यात पासष्ट हा आकडा फार ऐकशील. रोज एक असे आठवड्याला पाच, तेरा आठवडे, म्हणजे पासष्ट एपिसोड. फिल्मेशन या स्टुडिओने १९८३ मध्ये ही-मॅन असाच एका दमात पासष्टचा काढला, आणि काम बाहेर न पाठवता अमेरिकेतच केलं. कसं? तर पळणं, वळणं, तलवार उचलणं यांचा एकदा काढलेला साठा आणि तोच पुन्हा पुन्हा. लोक हसतात त्याला. मी नाही हसत. त्या पुन्हा वापरलेल्या शॉट्सवर शेकडो जणांची नोकरी त्यांच्याच देशात टिकली होती.

आणि वेळेचं म्हणशील तर बिल मेलेन्देझ बघ. डिस्नेत १९३८ पासून, १९४१ च्या संपात उतरला, मग वॉर्नर, मग यूपीए हे स्टुडिओ, मग वर्षानुवर्षं जाहिराती. जाहिरातींमध्येच त्याने पीनट्स या कॉमिक स्ट्रिपची पात्रं (चार्ली ब्राउन, स्नूपी) पहिल्यांदा हलवली. १९६५ मध्ये चार्ली ब्राउनचा ख्रिसमसचा कार्यक्रम आला तेव्हा हातात जेमतेम सहा महिने. दिग्दर्शन त्याचं, प्रोड्यूसर ली मेंडेलसन. पात्रांना खऱ्या लहान मुलांचे आवाज, त्यातल्या एका मुलीला तर वाचताही येत नव्हतं, तिला वाक्याचे तुकडे सांगून म्हणून घेतले आणि मग जोडले. तयार झाल्यावर चॅनेलवाल्यांना आवडला नाही, फार संथ वाटला. नऊ डिसेंबरला दाखवला आणि पुढे एमी पुरस्कार घेऊन आला. स्नूपीचा आवाज तर मेलेन्देझने स्वतःच काढला, अर्थ नसलेलं काहीतरी बडबडून टेप जोरात फिरवली. वीस-पंचवीस वर्षं इकडचं तिकडचं सगळं केलेल्या माणसालाच सहा महिन्यांत असं करता येतं, डायरेक्टर होण्याआधीची वर्षं फुकट जात नाहीत एवढंच म्हणते.


परत_आलो:

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मी दोन सीझन डायरेक्ट केलं आणि परत बोर्डवर आलो. स्वखुशीने.

कारण एक. जबाबदारी सगळी तुमची, शेवटचा शब्द कधीच तुमचा नाही. मी एका एपिसोडवर जीव टाकला होता, शेवटी नायिका हरते आणि शांतपणे बुटांच्या नाड्या बांधून घरी जाते. ॲनिमॅटिक चॅनेलला गेलं आणि नोट आली, 'शेवट अधिक आनंदी करता येईल का?' केला. पुन्हा नोट, 'आता फार अचानक आनंदी वाटतं.' बरोबरच होतं, वाटतच होतं! मग तिसऱ्यांदा बदलला. बोर्ड आर्टिस्टने तीन वेळा तेच पान काढलं आणि शिव्या मला खाव्या लागल्या, कारण नोट पाठवणारा त्याच्यासमोर नसतो, आपण असतो. टीमला नोट सांगताना 'ते म्हणतात' म्हणायचं की 'मला वाटतं' म्हणायचं, यावर माझी झोप उडायची.

कारण दोन. सीझन संपला की नोकरी संपली. पुढचा सीझन मंजूर होतोय का बघत बसायचं. बोर्ड आर्टिस्टला चार ठिकाणी काम मिळतं, डायरेक्टरच्या जागा प्रत्येक सिरीजवर तीन किंवा चार. एकदा मला सात महिने काही नव्हतं, आणि बोर्डसाठी विचारलं तर म्हणाले तुम्ही आता सीनियर झालात, तुम्हाला परवडणार नाही. म्हणजे वरही नाही आणि खालीही नाही.

घे, जरूर घे, चार एपिसोडच आहेत. पण ताई, घेताना बोर्डचा हात चालू ठेव, आणि नाव कशात येणार ते लिहून घे. तोंडी सांगितलेलं एकदा माझं क्रेडिटमधून गळालं, आता तो टीव्हीवर लागला तरी मी बघत नाही.


जुनी_पेन्सिल:

@परत_आलो, नोटचं पटलं. पण एक सांगू का, ते 'ते म्हणतात' कधीच म्हणू नये. टीमला वाटतं आपला डायरेक्टर निरोप्या आहे. नोट आली की मी आधी रात्रभर ठेवतो आणि त्यांना खटकलंय काय ते शोधतो, कारण ते उपाय सुचवतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो पण खटकलेलं खरं असतं. तुमच्या त्या एपिसोडमध्ये कदाचित शेवट नाही, आधीचं हरणं लांबलं असेल?


परत_आलो:

बघितलं नाही त्या बाजूने. शक्य आहे. आता सहा वर्षांनी सांगताय :(


पडद्यामागचा:

मी धंद्यातला नाही, नुसता किडा आहे, क्रेडिट्स थांबवून थांबवून वाचणारा. पण 'चित्र काढणं सुटेल' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जपानी डायरेक्टर इसाओ ताकाहाता चित्र काढायचेच नाहीत. शिकले फ्रेंच साहित्य, आणि १९५९ मध्ये तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागले. १९७४ ची हायडी ही टीव्ही सिरीज त्यांनी डायरेक्ट केली, बावन्न एपिसोड, आणि त्या बावन्नच्या बावन्न एपिसोडचे लेआउट (प्रत्येक शॉटची मांडणी) पुढे डायरेक्टर म्हणून गाजलेल्या मियाझाकींनी केले. म्हणजे एक न काढणारा आणि एक काढत सुटणारा अशी जोडी. पुढे १९८४ मध्ये मियाझाकींच्या सिनेमाला प्रोड्यूसर कोण, तर ताकाहाता. हात नसला तरी चालतो, बघणारी नजर लागते. हायडीत आजोबा चीज वितळवून पावावर देतात तो प्रसंग बघा, कथेला त्याची काही गरज नाही, पण तो निवांतपणा कोणीतरी ठरवून दिलाय.

उलट तिकडचेच डायरेक्टर तोमिनो बघा. ॲस्ट्रो बॉयवर सुरुवात, मग जिथे मिळेल तिथे फ्रीलान्स स्टोरीबोर्ड, इतके की तिकडे लोक त्यांना हजार बोर्ड उरकणारा म्हणायचे. मग १९७९ मध्ये गुंडाम ही रोबोंची सिरीज. बावन्न ठरले होते, त्रेचाळीसवर गुंडाळायला लावले. आणि आज ते नाव कुठे आहे बघा. म्हणजे सीझन कापला गेला म्हणजे करिअर संपलं असं नाही, हे परत_आलो साहेबांसाठी.

अमेरिकेतलं म्हणाल तर डेव्हिड सिल्व्हरमन १९८७ मध्ये सिम्प्सन्सच्या सिरीजआधीच्या छोट्या तुकड्यांवर ॲनिमेटर होता, मग डायरेक्टर, मग सुपरवायझिंग डायरेक्टर, आणि २००७ चा सिनेमाही त्यानेच केला. डेव्ह फिलोनीने अवतार: द लास्ट एअरबेंडर या टीव्ही सिरीजच्या पहिल्या सीझनचे काही एपिसोड डायरेक्ट केले, म्हणजे तुझ्यासारखंच मोजके, आणि तिथून स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मने उचलला क्लोन वॉर्स सिरीजसाठी. आणि ब्रूस टिम व एरिक रॅडोम्स्की, १९९२ च्या बॅटमनवाले, दोघंही टायनी टूनवर काम करणारे चित्रकार, प्रोड्यूसर म्हणून अनुभव शून्य. दोघांनी मिळून छोटीशी नमुना फिल्म केली आणि त्या जोरावर अख्खी सिरीज हातात आली. त्यातली पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायची ही रॅडोम्स्कीची कल्पना. पांढऱ्या कागदावर अंधार रंगवत बसण्यापेक्षा काळ्यावर फक्त उजेड रंगवा. प्रोड्यूसर झाल्यावर चित्रकला सुटली म्हणायचं का याला?


एक्सशीटवाली:

काळ्या कागदाचं उदाहरण चपखल. आणि धंद्यातला नाही म्हणता म्हणता सगळ्यात जास्त तुम्हालाच माहीत आहे.


अर्धी_फ्रेम:

मंडळी, अपडेट द्यायला आले. काल मॅडमना भेटले. तुमच्या जिवावर धीटपणे तीन गोष्टी विचारल्या, क्रिएटिव्ह रिटेक किती मिळणार, ॲनिमॅटिकसाठी एडिटरबरोबर किती दिवस, आणि नाव कुठे येणार ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहाल का. पहिल्या प्रश्नावर त्या जरा चमकल्या, म्हणाल्या हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं एका मावशींनी. (रिटेकचं खरं तर एक्सशीटवाली ताईंनी सांगितलं होतं, पण तोंडातून मावशी निघून गेलं.) तिन्ही गोष्टींची उत्तरं मिळाली, क्रेडिटचं लेखी येतंय. एडिटरचे दिवस मागितले त्याहून दोन कमी मिळाले. घेतलंय काम. आठवड्यातून एक दिवस मी स्वतः बोर्ड काढणार हेही कबूल करून घेतलं.

आज पहिली स्क्रिप्ट हातात पडली आणि पहिल्याच पानावर काय असावं? 'स्टेडियम खच्चून भरलेलं. गोल होताच सगळे प्रेक्षक उठून नाचू लागतात.' आधीची मी असते तर प्रेक्षक काढायला बसले असते. दोन तास नुसती बघत बसले त्या ओळीकडे. आता असं ठरवतेय की आत जायचंच नाही, स्टेडियमच्या बाहेर एक पेंगणारा रखवालदार, आतून गोंगाट येतो, भिंतीवरून दिव्यांचा झोत सरकतो आणि तो खुर्चीतल्या खुर्चीत थोडासा नाचतो. आणि वाचलेली चित्रं सगळी शेवटच्या पेनल्टीला लावायची, तिथे उधळते. लेखक चिडेल का?


डेडलाइनची_मावशी:

लेखकाला आधी सांग, ॲनिमॅटिकमध्ये सरप्राइज देऊ नकोस. माझा एक्सेल मात्र आत्ताच तुझ्या प्रेमात पडलाय.


जुनी_पेन्सिल:

रखवालदाराला मोठी टोपी दे, पार नाकापर्यंत आलेली. डोळे काढायला नकोत, आणि झोत सरकताना टोपीची सावली तोंडावर आली तर एखादं वाक्य लिपसिंकशिवाय निघून जाईल.